लॅन्सीचा सेबुआनोतला अर्ज

लॅन्सीच्या धाकट्या बहिणीचं लग्न बावीस तारखेला वसईला होतं. तो तिचा एकुलता एक भाऊ, आणि त्याचा रजेचा अर्ज तीन आठवडे अबुधाबीच्या ऑफिसात जोव्हलिनच्या टेबलावर पडून होता. जोव्हलिन एचआरची मुख्य, फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरची. बाई वाईट नव्हती. फक्त अर्ज लोणच्यासारखा मुरला पाहिजे असं तिचं मत होतं.

"तिच्याशी तिच्या भाषेत बोल. काम खलास!" शेजारच्या टेबलावरच्या परेशने सांगितलं. सल्ला देताना परेशने कधी हात आखडता घेतला नाही.

लॅन्सीने ड्राफ्ट्समन रोडेलला गाठलं. तोही सेबूचाच. त्याने इंग्रजीत समजावलं, की सेबुआनोत एक मूळ शब्द घ्यायचा आणि त्याला मागेपुढे तुकडे जोडायचे. 'उली' म्हणजे घरी जाणं. 'मोउली' म्हणजे जाणार, 'मिउली' म्हणजे गेला. 'बालिक' म्हणजे परत येणं, 'मोबालिक' म्हणजे येणार.

रजेला एवढं पुष्कळ होतं. पण लॅन्सी शाळेत व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारा माणूस. आठवड्याभरात मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्याच्या स्वयंपाकघरात कपाटं, डबे, फ्रिज, सगळीकडे चिठ्ठ्या लागल्या. 'काओन' म्हणजे खाणं, 'पाकाओन' भरवणं, 'कान-ऑन' भात, 'कान-अनान' खायची जागा.

"मिठाचा डबा कुठला ते कळेना तुझ्या चिठ्ठ्यांपायी!" बायको डोरोथी कावली. "रजेचं काय झालं?"

"पाया पक्का करतोय."

"डॅडी, यू आर टीचिंग द फ्रिज," कॅमिला म्हणाली.

ऑफिसात मात्र त्याचा भाव वधारला. जेवणाच्या सुट्टीत फिलिपिनो मंडळी त्याच्याभोवती जमायची. तो नवा शब्द जुळवायचा, ते हसून दुरुस्त करायचे आणि तळलेला मासा त्याच्याकडे सरकवायचे. पुढे तर एसीच्या तक्रारीही लोक त्याच्याकडे आणू लागले. ही कीर्ती जोव्हलिनच्या कानावर गेली आणि तिने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

लॅन्सीने घसा साफ केला. "मोउली को," मी घरी जाणार. "मोबालिक को," मी परत येणार. एवढ्यावर थांबला असता तर तो लॅन्सी कसला! बहीण, तिचं लग्न, वाट पाहणारी आई, आईच्या हातचा भात, सगळं त्याने तुकडे जोडजोडून सांगितलं.

जोव्हलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार वर्षं मी घरी गेले नाही, लॅन्सी," ती इंग्रजीत म्हणाली. "माझीही आई आहे."

लॅन्सी बाहेर आला तो अंगठा दाखवतच. "झालं!"

"मी काय सांगत होतो?" परेशने श्रेय घेतलं.

दुसऱ्या दिवशी जोव्हलिनची केबिन बंद होती. तिची चार वर्षांची साठलेली रजा मोठ्या साहेबांनी तासाभरात मंजूर केली होती आणि सकाळच्या विमानाने ती सेबूला निघूनही गेली होती. महिनाभरासाठी. जाताना तिने सगळ्यांना ईमेल केला होता, की माझ्या मागे काम लॅन्सी पाहील, स्टाफशी इतकं प्रेमाने दुसरं कोणी बोलत नाही.

"म्हणजे सही तुझ्याच हातात!" परेश ओरडला. "यल्ला हबीबी, चल मित्रा, ठोक!"

लॅन्सीने फाइल उघडली. त्याचा अर्ज वरच होता. शेजारी नियम छापला होता, की चार्ज घेणाऱ्याला मूळ अधिकारी परत येईपर्यंत रजा मिळणार नाही. बावीस तारीख त्याआधीच येत होती. तो साहेबांकडे धावला.

"रूल इज रूल," साहेब म्हणाले. "आज सगळे पेंडिंग अर्ज निकाली काढ."

लॅन्सीला खरोखर रडू आलं. बहिणीला त्याने कडेवर घेऊन फिरवलं होतं. त्याने 'नामंजूर' लिहिलं आणि खाली सही केली.

एवढ्यात डोरोथीचा फोन आला. "वसईहून तुझ्या मम्मी विचारतायत, तिकीट काढलं का?"

"रजा नाकारली."

"काय? कुठल्या मेल्याने? मला नाव सांग त्याचं, आत्ता फोन करते!"

लॅन्सीने अर्जाखालची आपली सही पाहिली.

"लाईनवरच आहे तो," तो म्हणाला. "बोल."