धूमकेतूचा पासपोर्ट फोटो

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी बाबूराव कांबळ्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे पासपोर्ट फोटोला गेलात, तर तुमच्याआधी कोळशाचा नंबर. स्टुलावर कोळशाचा खडा, समोर कॅमेरा, गिऱ्हाईक बाकावर. "बसा पावणं. ह्यो जमला की तुमी किरकोळ हाय."

या वेडाला जबाबदार मीच. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. २००४ साली धूमकेतूवर उतरायला यान निघालं, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. धूमकेतू कोळशासारखा काळा. उतरणाऱ्या यानाला चहूकडे बघणारे कॅमेरे, आणि पोटाखाली जमीन बघणारा एक, स्वतःचे दिवे घेतलेला. बाबूरावांनी कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

"मास्तर, तिथं 'हलू नगासा' म्हणायला कोण हाय? आनि कोळसा जमला, तर माजा बी एक चेहरा काडायचा ऱ्हायलाय." कुणाचा, ते सांगेनात.

धूमकेतूवर वजन नसल्यागत असतं, यान उसळू शकतं, एवढं मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॅमेऱ्याचा स्टँड खिडकीच्या गजाला दोरानं बांधलेला. त्या दोरात माझ्यासकट निम्मी पेठ अडखळली.

शाहूपुरीतला एक फोटोग्राफर हसून म्हणाला, "काळं ते काळंच येणार. पावडर लाव की." बाबूरावांच्या आरशापाशी कंगवा असे, पावडरचा डबा कधीच नसे. "उजेड हलवा, मानूस हाय तसा ऱ्हाऊ द्या," हे त्यांचं पालुपद.

दोन महिने नुसते काळे डाग निघाले. मग एका दुपारी त्यांनी आमची भिंत बडवली. दिवा आडवा ठेवून, शटर बराच वेळ उघडं ठेवून कोळसा टिपला होता. फोटोत त्याची चीर न् चीर मोजता येत होती. गल्लीत पेढे वाटले, आणि लोक कोळशाचा फोटो बघायला रांगेनं आले.

गर्दी पांगल्यावर त्यांनी खणातून जुना फोटो काढला. बिद्रीच्या साखर कारखान्यावरच्या मजूर बायका. कडेच्या बाईच्या पदराखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

"आई. एवडाच फोटू हाय. आता मलाबी चेहरा आटवंना झालाय."

दोन्ही बाजूंनी दिवे लावून, शटर तसंच उघडं ठेवून त्यांनी त्या फोटोचा फोटो घेतला. मग अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, औषधाच्या ट्रेमधल्या कागदावर आधी पदराचा काठ उमटला, मग कपाळ, मग डोळे, मग दात. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

"हसतीया की, मास्तर," ते म्हणाले. "इतकी वर्सं मला वाटायचं, दमून उबी हाय."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर कोळसा नव्हता. मी विचारलं, "आणि धूमकेतू?"

"त्येचं बी हुतंय," ते म्हणाले. "त्यो कॅमेरा दिवं घिऊन गेलाय."