मायच्या हातचा रस्सा

एका जंगलात, बाळांनो, सगळेच दुसरीकडून आलेले होते. कुणी पोटासाठी, कुणी पोरांमागून. जो तो आपली बोली गिळायचा आणि तिथली गुळगुळीत भाषा बोलायचा.

तिथं कोल्ह्यानं रश्श्याची खानावळ काढली. वाढायला साळुंकी ठेवली. तिला सगळ्या बोली यायच्या.

एकदा वऱ्हाडातलं म्हातारं अस्वल तिथं आलं. ते मुलाकडे राहायचं. सून पोटभर वाढायची, पण त्याच्या तोंडून 'का' ऐवजी 'काहून' निघालं की नातवंडं हसायची. म्हणून घरी ते तोंड उघडायचं फक्त घासापुरतं.

साळुंकी म्हणाली, "काहून बावा, तोंड सुकलं तुह्यं? जेवाले कोणी पुसलं नाही का?"

अस्वल तिच्याकडे सरकलं. "मले पाटोडीचा रस्सा पाह्यजे," ते हळूच म्हणालं.

"कोणाच्या हातचा? मायच्या का बायकोच्या?"

अस्वलानं बराच विचार केला. "मायच्या."

साळुंकी आत गेली, बाहेर आली. "लसूण ठेचू का वाटू?"

"ठेच."

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "पाट्यावर बसली की माय गाणं म्हने का?"

"म्हने."

"मंग येळ लागन."

शेजारी कोल्हापूरचा रेडा होता. साळुंकी त्याला म्हणाली, "काय मर्दा, तांबडा कसा करू? घाम फुटंल असा, का कानातनं धूर निघंल असा?"

"धूर," रेडा डोळे मिटून म्हणाला.

पलीकडे मालवणचा बगळा माशाच्या कढीत त्रिफळं किती घालायची ते सांगत होता. सकाळपासून सांगत होता.

दुपार कलली. कुणापुढेच ताट नव्हतं.

अस्वल हात धुवायच्या निमित्तानं आत गेलं. चुलीत मांजर निजलं होतं. नुकतं निजलेलं नव्हतं. त्याला तिथंच पिल्लं झाली होती.

कोल्हा ओशाळून म्हणाला, "चूल पेटवणारच होतो हो. पण ती विचारते, गिऱ्हाईक सांगतं, यातच दिवस मावळतो."

अस्वल दारात थबकलं. हे बाहेर सांगितलं तर सगळे उठून जातील. खानावळ मोडेल. मग 'काहून बावा' कोण म्हणेल?

ते जागेवर येऊन बसलं.

"काय ओ, शिजतंय न्हवं आत?" रेड्यानं विचारलं.

"शिजून रायलं," अस्वल म्हणालं. "वास सुटला."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुनेकडून भाकरी बांधून घेतली. खानावळीत बसून तिचं फडकं चोरून सोडलं. ते पाहून रेड्यानंही आपलं फडकं सोडलं. बगळ्यानं पंखाखालून मासा काढला. हात धुवायला तेही कधीतरी आत गेले होते.

तिघं खाली मान घालून जेवू लागले.

साळुंकी लगबगीनं आली. "बावा, मीठ बेतानं टाकू का चढतं?"

"टाक माय," तोंडातला घास आवरत अस्वल म्हणालं. "घाई नाही."

तात्पर्य: खानावळ काढायची तर चुलीवर खर्च करू नये. गिऱ्हाइकाला त्याच्या बोलीत 'जेवलास का' एवढं विचारावं. जेवण ते घरून आणतं.