अण्णा दिघे आणि उतरतानाचं तेल

देवासला आमच्या शेजारी राहणारे अण्णा दिघे रोज संध्याकाळी दीडशे माणसांचं विमान उडवतात आणि त्यात माणसांना मात्र बसू देत नाहीत.

मुलांनो, घाबरू नका, विमान कॉम्प्युटरवरचं आहे. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. बैठकीच्या खोलीत मोठा पडदा, हातात दांडा, पायाखाली पेडल, असा सगळा थाट. बाकीच्यांना उडण्याची हौस असते, यांना उतरण्याची चिंता. "वहिनी, वर कुणीही जाईल. खाली टेकताना टाकीत काय उरलं, ते सांगा!"

दिल्लीहून इंदूरला यायचं, तर प्रवासापुरतं तेल. इंदूरला उतरता आलं नाही तर भोपाळपर्यंतचं. त्यावर अर्ध्या तासाचं. इथवर शहाणपण झालं. अण्णा त्यावर आणखी दोन तासांचं भरतात. पण एवढं तेल शिल्लक राहिलं तर विमान उतरायला जड होतं. म्हणून त्यांनी प्रवासी आणि सामानच काढून टाकलं.

गल्लीतले शर्माजी आपल्या माळवी बोलीत चिडवतात, "भिया, रिकामी गाडी काय पळवताय? देवीच्या टेकरीवर जाणाऱ्या दोन-चार सवाऱ्या तरी बसवा! नाहीतर ते कधी न संपणाऱ्या तेलाचं बटण असतं ना, ते दाबा."

"ज्याचं तेल संपत नाही ते विमान नाही, शर्माजी. तो छताचा पंखा."

मीही हसायचे. पण ते जादा दोन तास मला खुपत. एकदा सरळ विचारलं, "अण्णा, रिकाम्या विमानाला एवढं तेल कशाला?"

"रिकामं नाही, वहिनी. एक प्रवासी आहे."

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको, कुसुम, बसली होती. अंगावर शाल, मांडीवर पर्स. तिची स्मृती हळूहळू जाते आहे. ऊन उतरलं की ती माहेरी, धारला जायला निघते. दार बडवते, ओरडते, अडवलं तर अण्णांना बोचकारते. धारला तिचं आता कुणी उरलेलं नाही, घरही कधीच विकलं गेलं. डॉक्टरांची गोळी दिली की ओंडक्यासारखी पडून राहते. विमानात मात्र शांत असते, कारण ती निघालेली असते. आकांत सुरू होतो उतरल्यावर. म्हणून अण्णा इंदूर ओलांडून धारवर गोल गोल फिरत राहतात, तिचा डोळा लागेपर्यंत.

मागच्या आठवड्यात मी तिच्यासाठी शिरा घेऊन गेले, तेव्हा विमान धारवरच होतं. एकाएकी ती अण्णांकडे वळली.

"भाऊ, आमचे हे न्यायला येतील ना?"

आपल्या नवऱ्याला भाऊ! अण्णांचा हात दांड्यावर थबकला. मी वाटीकडे पाहत राहिले.

"येतील, ताई," ते म्हणाले. "येऊन उभेच आहेत."

"मग लवकर उतरवा. त्यांचे गुडघे दुखतात. फार उभं राहवत नाही त्यांना."

"तेल आहे अजून. फिरू की थोडं."

"तुम्हाला काय जातंय! उभं त्यांना राहायचंय."

अण्णांनी विमान खाली घेतलं. इतकं हळुवार टेकवलं की मला कळलंही नाही. मग खुर्चीला धरून उठले, गुडघे चोळले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

थोड्या वेळाने पुढच्या दाराची घंटी वाजली. मी उघडलं. उंबऱ्याबाहेर अण्णा उभे होते, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला.

"आलीस, कुसुम? प्रवास बरा झाला ना?"

ती पर्स सावरत दारापाशी आली आणि त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहू लागली.

"आले नाहीत वाटतं," ती म्हणाली.

अण्णा जरा बाजूला सरकले, तिला रस्ता नीट दिसावा म्हणून.