एकोणीस क्लिक

गाडी पार्किंगमधून सात फूट मागे घ्यायची असली तरी शिंत्रेकाका सीटबेल्ट लावतात. लावला की मोठ्याने म्हणतात, "क्लिक." शेजारी बसलेल्यानेही म्हणायचं असतं. मी म्हणेपर्यंत किल्ली फिरत नाही. आधी मला हे वेड वाटायचं. आता तसं म्हणवत नाही.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. काका पूर्वी कराडला पोस्टमन होते. इथे स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून एका छोट्या कुरिअर कंपनीची पार्सलं पोचवतात आणि फेरी संपली की मला कॉलेजातून घरी आणतात.

अडचण अशी, की काका प्रत्येक घरापाशी बेल्ट सोडायचे, पार्सल ठेवायचे, परत येऊन बेल्ट लावायचे आणि पन्नास पावलांवरच्या पुढच्या घरी जायचे. रोज शंभराच्या वर क्लिक. शेवटी सुपरवायझरने हातात कायद्याचा कागद दिला. हे वाच, आठवडाभरात फेरी वेळेत संपव, नाहीतर रूट दुसऱ्याला.

काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "तू कॉलेजवाली. वाच."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असे कागद माझ्याकडेच येतात, आणि दर वेळी मला धडकी भरते. तीनदा वाचून मी सांगितलं, "काका, सारखं थांबत, हळू गाडी चालवणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांना बेल्टची सक्ती नाही. तुम्ही सुटलात."

"कायद्याने सोडलं गं. मितालीने कुठे सोडलंय?"

मिताली त्यांची मुलगी. तिने लायसन्स काढलं तेव्हा काकांनी बजावलं होतं, दर वेळी बेल्ट लावायचा. ती म्हणाली, "यू टू, बाबा." तेव्हापासून काका रोज संध्याकाळी तिला दिवसभराच्या क्लिकचा आकडा पाठवतात. तिच्याकडून अंगठा येतो.

"पण ती तर जर्सी सिटीत ट्रेनने फिरते ना? तिच्याकडे गाडीच नाही."

"नसू दे. कबूल मी केलंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी लावली, पार्सलं घरांच्या क्रमाने ढकलगाडीवर रचली आणि पोस्टमनसारखे चालत निघाले. पहिल्या गल्लीत एका क्लिकमध्ये अकरा घरं, मग पुढची गल्ली. व्हॅन बंद पडली असं समजून एका आजीबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यायलाही वेळ काढून फेरी वीस मिनिटं आधी संपली. रूट त्यांच्याकडेच राहणार होता.

संध्याकाळी मी व्हॅनमध्ये बसले, क्लिक म्हटलं. काकांनी आकडा पाठवला, एकोणीस. किल्ली फिरवणार तोच फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, ओन्ली नाइन्टीन? तू बरा आहेस ना? कुठे आहेस?"

ते ठीक आहेत, असं मी सांगणार होते. काकांनी हाताने मला थांबवलं.

"बरा आहे गं. पण जरा मोठी गोष्ट आहे. वेळ आहे का तुला?"

"आहे, बाबा. सांग."

काकांनी किल्ली काढून खिशात ठेवली आणि बेल्ट न सोडता कराडच्या पोस्टापासून सुरुवात केली.