वातानुकूलित हातमोजे

हातमोज्यांच्या कारखान्याच्या मॅनेजरला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. खुर्चीत बसला तरी त्याचा एक पाय उठायच्या तयारीत बाहेर असे. त्या सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं आणि दुसरा पायही बाहेर आला.

पत्र तीन पानी होतं. पहिली दोन पानं पृथ्वीच्या काळजीची आणि तिसरं मुद्द्याचं. वाढत्या उन्हाळ्याला तोंड द्यायची ज्या कारखान्याची तयारी असेल, त्यालाच यापुढे ऑर्डर मिळणार. दहा दिवसांनी तपासणी. तयारी दिसली नाही, तर ऑर्डर निरनिराळ्या देशांतल्या अकरा कारखान्यांपैकी कुणाला तरी जाईल. या कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ऑर्डर गेली की शिवणाऱ्या बासष्ट बायका घरी आणि त्यांच्यामागोमाग मॅनेजर.

गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय, ते एका शब्दात अडकलं होतं. मॅनेजरने शब्दकोश काढून मराठी प्रतिशब्द शोधला आणि मालकांना फोन लावला. मालक गाडीत होते, गाडी घाटात होती.

"साहेब, त्यांना हवामान अनुकूलन पाहिजे."

"वातानुकूलन?"

"नाही, हवामान..."

"अहो, हवा काय नि वात काय, एकच. किती टनाचं म्हणतायत?"

"बघतो," मॅनेजर म्हणाला आणि फोन कटला. सगळा घात त्या 'बघतो'ने केला.

कारण मालकांचा मेहुणा एसीच्या धंद्यात होता. दुसऱ्याच दिवशी तो तीन मोठे एसी, दोन शिड्या आणि एक ड्रिल घेऊन हजर झाला. आता 'साहेब, तुमचं ऐकण्यात चूक झाली' असं म्हणायचं, म्हणजे मालकांचे कान, मेहुण्याचा धंदा आणि मालकीणबाईंचं माहेर अशा तीन ठिकाणी एकदम बोट ठेवायचं. मॅनेजरने पुन्हा शब्दकोश उघडला. अनुकूलन : परिस्थितीशी जुळवून घेणे. मेहुणा हीसुद्धा एक परिस्थितीच होती. मॅनेजरने जुळवून घेतलं.

एसी बसले. मग गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकल्या. वरचे झरोके पुठ्ठ्याने बंद केले. त्यामुळे हॉलमध्ये अंधार झाला, म्हणून बारा दिवे जास्तीचे लावले. दिव्यांनी उष्मा वाढला, म्हणून मेहुण्याने चौथा एसी सुचवला आणि सुचवून होईपर्यंत तो टेम्पोतून उतरवलाही. वर पत्र्याचं छप्पर होतं. चारही एसी त्या तापलेल्या पत्र्याशी झुंजत राहिले आणि त्यांच्या पोटातलं पाणी बांधून ठेवलेल्या मालावर ठिबकू लागलं.

रंगीत तालमीला मालकांनी स्वतः बटण दाबलं. एसी घुमले, मशिनी धावल्या आणि फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. वायरमनने डोकं खाजवत निकाल दिला, की एकतर गारवा करा नाहीतर हातमोजे करा, दोन्हीचा लोड ही लाइन घेणार नाही.

मालकांनी गारवा निवडला. तपासणीच्या वेळी मशिनी बंद ठेवायच्या, बायकांनी नुसते हात चालवायचे.

"म्हणजे शिवल्यासारखं करायचं?" मावशीने विचारलं. ती सगळ्यांत जुनी शिवणारी. मॅनेजर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता, पण तोही तिला मावशीच म्हणायचा.

"थोडाच वेळ, मावशी. ऑर्डरचा प्रश्न आहे."

"करू की. मालक वर्षानुवर्षं पगार वाढवल्यासारखं करतात, आम्हाला एक दिवस जमणार नाही होय?"

तपासणीच्या बाई अकराला आल्या. मालक आणि मॅनेजर दारातच उभे होते. हातात फॉर्म, कपाळावर घाम. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्या शहारल्या. बासष्ट बायका अंगाभोवती पदर आणि ओढण्या गुंडाळून मशिनींवर वाकल्या होत्या. एकजण शिंकत होती.

"आवाज अजिबात येत नाहीये," बाई म्हणाल्या.

मशिनी नव्या आहेत, असं मॅनेजर म्हणाला. बाईंनी जवळच्या मशीनवरचा गंज बोटाने पुसला आणि ते बोट निरखून पाहिलं. मॅनेजरला ते बोलण्याहून वाईट वाटलं. बाई एकेका मशीनपाशी थांबत होत्या, फॉर्मवर काहीच लिहीत नव्हत्या, आणि मॅनेजर त्यांच्याभोवती अडकलेल्या माशीसारखा फिरत होता.

बाराचा ठोका पडला. मावशी उठली. तिच्यामागे एकसष्ट जणी उठल्या, मागचं दार उघडून शिस्तीत निघून गेल्या. त्यांना थांबवायला मॅनेजर धावला, पण त्याच्या आधी बाई दारातून बाहेर पडल्या होत्या.

मागच्या गोदामात खिडक्यांवर ओली पोती टांगली होती. त्यातून झुळूक येत होती. हातमोज्यांच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून बायका ओळीने पसरल्या होत्या. दोघी घोरायलाही लागल्या होत्या. मॅनेजरने डोळे मिटले. गेली ऑर्डर.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"पडलोय," मावशी न उठता म्हणाली. "पत्रा तापला की बाराच्या पुढे डोकं चालत नाही. टाके चुकतात, सुई बोटात जाते. म्हणून सकाळी साडेपाचला येतो, बारा ते चार पडतो, चारनंतर उरलेलं उरकतो. माल कधी कमी पडला नाही."

"कधीपासून?"

"तीन उन्हाळे झाले."

मालकांना हे तीन उन्हाळे नवीन होते. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर पोत्यांकडे पाहू लागला.

"याची काही लेखी नोंद आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे की," मावशी म्हणाली. "मॅनेजरसाहेब दर आठवड्याला लिहितात."

मॅनेजरला फाइल आणावीच लागली. बाई एका गठ्ठ्यावर बसून मोठ्याने वाचू लागल्या. 'दिनांक ११ मे. दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी हॉल रिकामा आढळला. सर्व कामगार गोदामात ओल्या पोत्यांआड आडव्या आढळल्या. विचारणा केली असता, पत्रा तापलाय, असे उद्धट उत्तर मिळाले. दिवसाचे उत्पादन पूर्ण. सुई लागल्याची घटना नाही. तरी ही सक्त ताकीद.' अशा एकेचाळीस ताकिदी होत्या. तारीख, वेळ, उत्पादन, खाली सही.

बाईंनी पहिल्यांदाच पेन उघडलं. इतक्या कारखान्यांत फिरले, त्या म्हणाल्या, पण जुळवून घेण्याची इतकी पद्धतशीर नोंद कुठे पाहिली नाही. मग हॉलकडे बोट करून त्यांनी विचारलं, "पण ते चार एसी कशाला?"

मालक म्हणाले, "तुम्ही उन्हातून येणार होतात ना, म्हणून."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मालकांनी मॅनेजरला केबिनमध्ये बोलावून ते उभ्यानेच वाचायला लावलं. वर्षभराची ऑर्डर पक्की. एसी काढावेत. मेहुणा ते परत न्यायला तयार होता, फक्त आता मालकीणबाई मालकांशी बोलत नव्हत्या. पुढे शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की आपली पद्धत आम्हाला इतकी आवडली, की ती आम्ही बाकीच्या अकरा कारखान्यांनाही कळवली असून त्यांनी ती तत्काळ अमलात आणली आहे. पुढच्या वर्षीची ऑर्डर जो सरस ठरेल त्याला.

"म्हणजे ते अकराही आता दुपारी झोपणार?" मालकांनी विचारलं.

"झोपायला लागलेसुद्धा. त्यात सात देशांत बारा आपल्याआधी वाजतात."

"म्हणजे आपले वाजलेच म्हणा."

"नाही साहेब, अजून दहा मिनिटं आहेत."

मॅनेजर तडक गोदामात गेला आणि सगळा प्रकार त्याने मावशीला सांगितला. मावशी पोतं पिळत होती.

"मग त्यांनाही जरा गार वाटेल," ती म्हणाली. "आपलं काय जातं?"

काय जातं ते मॅनेजरला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांसमोर अकरा गोदामं आली. अकरा गोदामांत शेकडो माणसं त्या क्षणी गाढ, एकाग्र, स्पर्धेच्या ईर्षेने झोपली होती. बाराचा ठोका पडताच त्याने घाईघाईने बूट काढले, एक गठ्ठा डोक्याखाली ओढला आणि उशीर झाल्यासारखा आडवा झाला. डोळे गच्च मिटले. पाच मिनिटांनी त्याने एक डोळा उघडला, आणि शेजारी जागी असलेल्या एका शिवणारीला दबक्या आवाजात सांगितलं, "झोपा, झोपा लवकर. आपण मागे पडतोय."