एकशे बावन्न पानं

शीलाच्या वर्षश्राद्धाऐवजी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि जेवणाला किती पानं धरायची, हे सिद्धोधनने लॅपटॉपवर काढलं. उत्तर आलं एकशे अडतीस. त्यात दहा टक्के वाढवून त्याने एकशे बावन्न धरली.

पुण्याच्या एका कंपनीत बावीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. लाखो नोंदी चाळायच्या आणि पुढच्या महिन्यात कोणतं गिऱ्हाईक काय घेईल, ते आधीच सांगायचं. त्याची बायको शीला नर्स. आधी झरीला, मग पूर्णेला. तो महिन्यातून दोनदा रेल्वेने घरी यायचा. ती गेली आणि मग कंपनीने त्याला घरून काम करायची परवानगी दिली.

शीलाने दारात आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नव्हतं. तिच्या नावाच्या जेवणातून कोणी तसं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. अन्न वाया गेलेलंही तिला खपत नसे. म्हणून त्याने तिच्या फोनमधले सगळे नंबर काढले, सगळ्यांना फॉर्म पाठवला: येणार, नाही येणार, नक्की नाही. आलेल्या उत्तरांवर गणित केलं.

"एकशे बावन्न?" आचारी बालाजी म्हणाला. "सायेब, चारशे धरा."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? नर्सबाई व्हत्या त्या."

"बालाजी, आकडे खोटं बोलत नाहीत."

त्याची थोरली बहीण मनकर्णाबाई वांगी चिरत होती. "आरं, लग्नाला आवतन लागतं. ह्याला कोण आवतनाची वाट बघतंय? तुज्या त्या फारमात कोण काय दाबलं, त्याच्यावर माणसं येत असतेत व्हय?"

"अक्का, तुला यातलं कळत नाही."

"न्हाई कळत," अक्का म्हणाली आणि पुढचं वांगं घेतलं.

अकराला वंदना झाली तेव्हा मंडपात एकशे दहा माणसं होती. सिद्धोधनने अक्काकडे पाहिलं. अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही.

साडेअकराला झरीहून पहिली जीप आली. उतरता उतरता सतरा माणसं उतरली. त्याने मनातल्या मनात अंदाज सुधारला: एकशे साठ. दुसरी जीप आली. एकशे ऐंशी. मग एसटीने आलेल्या बायका स्टँडवरून चालत आल्या, कडेवर लेकरं, सोबत म्हाताऱ्या. त्यांतल्या निम्म्यांजवळ फोनच नव्हता. ज्यांच्याजवळ होता त्यांचे नंबर शीलाने कधी नावाने साठवलेच नव्हते. रात्री-अपरात्री फोन यायचा, ती पिशवी उचलून जायची. नोंद कशाला ठेवील?

"वरणात पाणी घाला," तो बालाजीच्या कानात म्हणाला.

"घातलं."

"अजून घाला."

"सायेब, आता नुसतं पाणीच ऱ्हायलंय. त्याच्यात वरण घालावं लागंल."

"बुंदी एकेक चमचाच वाढा."

"लोकं बघायलेत सायेब. त्यो म्हातारा चमच्याकडंच बघायलाय."

साडेबाराला पातेली पालथी झाली. मंडपात दोनशे माणसं अजून न जेवता बसली होती. कोणी काही बोलत नव्हतं, आणि तेच सिद्धोधनला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अक्का उठली. पदर खोचून गल्लीच्या तोंडाशी गेली आणि ओरडली, "आमच्या शिकलेल्यानं घोळ घातलाय! ज्याच्या घरी जे हाय ते आणा!"

घराघरातून टोपल्या निघाल्या. भाकरी, ठेचा, पिठलं, कुणाचं कालचं कालवण, कुणाच्या लेकराच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. सिद्धोधनने मान खाली घालून वाढायला घेतलं. मान वर करायची त्याची छाती नव्हती.

पंगतीच्या टोकाला झरीच्या नर्मदाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी विचारलं, "तुमी आचारी का?"

तो कसाबसा म्हणाला, "हो."

आपल्याच बायकोच्या कार्यात आपण हे बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. पण शब्द गेला होता.

"माज्या तिन्ही सुनांची बाळंतपणं केली तिनं," नर्मदाबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "मालकाचं लय कवतिक सांगायची. म्हनायची, आमच्या मालकाला समद्या जगाचं आदी कळतंय, फकस्त आपल्या घरी कोण येणार ते कळत न्हाई." त्या हसल्या. "त्याला काई बोलू नका बरं का. येकट्यानं समदं करायचं म्हंजे चुकतंय मान्साचं."

सिद्धोधनने हातातली परात खाली ठेवली.

तेवढ्यात अक्काची हाक आली. "सिद्धोधन! आरं, फोटोपाशी ये! लोकं शीलाच्या मालकाला भेटायचं म्हनायलेत!"

तो जागचा हलला नाही. जमीन दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता. नर्मदाबाईंनी सरकून सतरंजीवर जागा केली.

"बस. चार घास खा, मग जा."

"मावशी, मी खोटं बोललो."

"ठावं हाय." त्यांनी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. "आचाऱ्याच्या अंगाला फोडणीचा वास असतोय. तुज्या अंगाला साबणाचा यायलाय. म्हनून तर त्याला काई बोलू नका म्हनलं."