वरवंट्याखालचा रजेचा फॉर्म

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करणाऱ्या सयाजीनं साऱ्या खात्यासमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "बाळ झालं की पंधरा दिवस भरपगारी रजा घेणार. आन् कुणाला न मारता घेणार."

त्या फौंड्रीत आजवर रजा मिळायची ती मयतांच्या जिवावर. कचेरीतल्या शिपाई गुंडूतात्यानं आपला एकुलता चुलता आठ वर्षांत तीनदा मारला होता. तिसऱ्यांदा तो चुलता स्वतःच विसरलेला डबा द्यायला गेटवर आला, म्हणून घोटाळा झाला. पण यंदा कंपनीनं नवा नियम काढला होता. बाप झालेल्या कामगाराला पंधरा दिवस रजा, पगारासकट. तो कागद चार महिने बोर्डावर लटकत होता, पण अर्ज करायची कुणाची छाती झाली नव्हती. पगार देऊन घरी बस म्हणणारी कंपनी पुढं काय म्हणेल, याचा नेम नव्हता.

"बाळंतपण तुजं हाय व्हय रं?" भट्टीवरच्यांनी विचारलं.

"बाळंतपण क्रांतीचं. बापपण माजं," सयाजी म्हणाला. हे वाक्य त्यानं आदल्या रात्रीच घोकून ठेवलं होतं.

मग क्रांतीला मुलगी झाली, ती पोट फाडून, आणि वाक्यातली सगळी हवा गेली. तिला दवाखान्यातनं माहेरी कबनूरला आणलं. तिथं तिची आई बाळाबाई एकटी, आणि तिचाही एक गुडघा कामातनं गेलेला. क्रांतीला नुसती कूस बदलायची तरी दातओठ आवळावे लागत. सयाजीनं पाच दिवसांत लेकीला घेतलं होतं ते एकदाच, तेही पहिली पाळी गाठायच्या घाईत, डोक्यात हेल्मेट घालून. ते काळं भोपळ्याएवढं डोसकं बघून पोरगी अशी किंचाळली, की शेजारची बयाबाई लाटणं घेऊन धावत आली. आता रजा फुशारकीसाठी नको होती. आता ती खरंच पाहिजे होती.

फॉर्म दिला यज्ञेश्वर साहेबांनी. राजारामपुरीतनं रोज कडक इस्त्रीत येणारा, टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणं लावणारा माणूस.

"यावर छापील क्रमांक आहे. एका कामगाराला एकच फॉर्म," साहेब म्हणाले. "बाळ जन्मल्यापासून सहा दिवसांच्या आत. खाडाखोड झाली तर बाद. सातव्या दिवशी आलात तर पेढे चालतील, फॉर्म चालणार नाही."

सयाजीनं तो फॉर्म पिशवीत घालून पाचव्या दिवशी संध्याकाळी कबनूर गाठलं. झोपेच्या भरात खाडाखोड नको, म्हणून भरायचं काम सकाळवर ठेवलं, आणि भाकरी खाऊन तो सोप्यात आडवा झाला.

त्या रात्री पाचवी होती. पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि एक कोरा कागद नि पेन ठेवायचं. बाळाबाईनं सगळं मांडलं. अडलं ते कागदावर. घरात कोरा कागद म्हणून नव्हता. शोधता शोधता तिचा हात जावयाच्या पिशवीत गेला. बाळाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण मालाची पारख होती. कागद कडक, वर झोकदार शिक्का, आणि खाली ओळीनं रिकाम्या रेघा.

"येवढी सोय सटवाईची कुणी केली नसंल," असं म्हणत तिनं तो फॉर्म वरवंट्याखाली सारला.

कबनूरला यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते. तिथली पोरं त्या खडखडीतच झोपतात, म्हातारी त्यातच मरतात. त्या रात्री सयाजी जागा झाला तो शांततेनं.

गल्लीतले सगळे माग एका क्षणी थांबले होते. वीज गेली नव्हती. दिवा जळत होता, पंखा फिरत होता. आणि आतल्या खोलीतनं, पाट्याच्या बाजूनं आवाज येत होता. कुर्रर्र. कुर्रर्र. कागदावर पेन ओढल्यासारखा. मधेच थांबायचा. विचार करून पुन्हा सुरू व्हायचा.

उंदीर असंल, असं सयाजीनं स्वतःला समजावलं.

मग पान उलटल्याचा आवाज आला. उंदीर पान उलटत नाही, हे कळण्याइतपत सयाजी शिकलेला होता. त्यानं वाकळ डोक्यावरनं ओढून घेतली आणि ज्या देवांची नावं आठवली ती घेतली. सटवाईचं तेवढं घेतलं नाही.

सकाळी माग खडखडत होते. बयाबाई म्हणाली, "थांबल्यात कवा? रातभर चालूच हायत की."

सयाजीनं वरवंट्याखालचा कागद बघितला आणि तो मटकन खाली बसला. त्याचा फॉर्म वरपासून खालपर्यंत भरलेला होता. अक्षर तिरकं, जुन्या वळणाचं. त्याचं नाव, खातं, टोकन नंबरसुद्धा बरोबर. तो नंबर खुद्द सयाजीला बिल्ला बघितल्याशिवाय सांगता यायचा नाही.

"क्रांती, तू लिवलंस?"

"मला उठून बसाय दोघं लागत्यात. आन् माजं अक्षर असलं हाय व्हय? मुंगळं पळाल्यागत असतंय ते."

"मामी, तुमी?"

"मी सही म्हटलं की अंगठा शोधती," बाळाबाई म्हणाली. तिला फॉर्मचं काही वाटत नव्हतं. कागद ठेवला, लिहिणारी आली, लिहून गेली. यात विचारायचं काय?

पेन बघितलं, तर टोपण घट्ट लावलेलं आणि नवी कोरी रिफिल निम्मी संपलेली.

सयाजी वाचत गेला. बाळाचे नाव: संयोगिता. हे नाव त्या दोघांनी सातव्या महिन्यात, शिरोली नाक्यावर, चालत्या गाडीवर ठरवलं होतं. दोघांच्या डोक्यात हेल्मेट होतं. त्यांना स्वतःलाच ते तीनदा ओरडून सांगावं लागलं होतं. तिसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

रजेचा कालावधी: सव्वा महिना.

आणि तळाला शेऱ्याच्या रकान्यात: वरदच्या वेळेस राहून गेले. या वेळेस राहू नये.

"ह्यो वरद कोण?" सयाजीनं विचारलं. क्रांतीलाही ठाऊक नव्हतं.

"कोण म्हंजे?" बाळाबाईनं हात जोडले. "पोरीच्या नशिबातलं नाव हाय. आपला जावई असणार."

"आये, ती अजून दोन्ही डोळं एका टायमाला उघडत न्हाई," क्रांती म्हणाली.

खरी पंचाईत पुढंच होती. सयाजी फॉर्म पिशवीत घालू लागला तशी बाळाबाई उंबऱ्यात आडवी झाली.

"ते नातीचं नशीब हाय, पावणं. नशीब कंपनीत भरत्यात व्हय?"

"मामी, आज सहावा दिवस हाय. दुसरा फॉर्म मिळत न्हाई."

"आन् दुसरं नशीब मिळतंय?"

शेवटी क्रांतीनंच तोड काढली. कागद जाईल, पण आईच्या हातात जाईल आणि आईच्याच हातात परत येईल. बयाबाईला बाळंतिणीजवळ बसवून दोघं निघाली. मागच्या सीटवर बाळाबाई, तिच्या मांडीवर नव्या खणात गुंडाळलेला फॉर्म, वर लिंबू. प्रत्येक गतिरोधकाला ती सयाजीच्या पाठीत बोट खुपसायची. "हळू की. पोरीच्या नशिबाला घडी पडंल."

यज्ञेश्वर साहेबांनी लिंबू बाजूला काढलं, खण सोडला आणि फॉर्म वाचला.

"हे अक्षर तुमचं नाही, सयाजीराव."

"न्हाई."

"मग कुणाचं?"

सयाजी पंख्याकडं बघू लागला.

"सटवाईचं," बाळाबाई म्हणाली.

"वा. त्यांचा टोकन नंबर?" साहेब हसले आणि त्यांनी लाल पेन काढलं. "सव्वा महिना वगैरे काही नसतं. मी हे कापतो, म्हणजे खाडाखोड झाली, म्हणजे फॉर्म बाद. मला वाईट वाटतं, पण नियम आहे."

सयाजीच्या डोळ्यांपुढं भट्टी आली, पहिली पाळी आली, आणि दात आवळून कूस बदलणारी क्रांती आली.

साहेबांनी रेघ मारली. ती उमटली नाही. त्यांनी पेन वहीवर ओढलं, तिथं लालभडक उमटलं. फॉर्मवर पुन्हा काही नाही. त्यांनी दुसरं पेन घेतलं, मग तिसरं, मग उंचीनं लावलेल्या पेन्सिलीतली सगळ्यात लांब. कागद पाणी प्यायल्यासारखा सगळं पिऊन गप्प.

गुंडूतात्या चहा घेऊन दारात उभा होता. "साहेब, दुसऱ्याच्या नशिबावर रेघ मारू नगा. पेनाला कळतंय ते तुमाला कळंना झालंय."

तेवढ्यात बाहेर भट्टीचा पंखा थांबला. मग क्रेन थांबली. मग वाळूचं यंत्र. ट्यूबलाइट जळत होती. सयाजीला ती शांतता ओळखीची वाटली. टेबलावरचं लिंबू हळूहळू गोल फिरलं आणि थांबलं. कुणीही त्याला हात लावला नव्हता.

साहेबांची नजर शेऱ्यावर गेली. त्या रकान्यावर छापलेलं होतं: फक्त कार्यालयासाठी.

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम फुटला.

"वरदचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण वरद?"

"माझा मुलगा. बारावीला आहे."

बाळाबाईनं झटकन डोक्यावरनं पदर घेतला आणि खुर्ची पुढं ओढली. "म्हंजे आपुन व्याही की. पावणं, च्या घ्या. वयात जरा लई फरक पडतोय, पर लिवणारीनं इचार करूनच लिवलं असंल."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सयाजीला झालं. साहेबांचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं.

"वरदच्या वेळी मी पुण्याच्या कंपनीत होतो," ते फॉर्मकडं बघत म्हणाले. "ऑडिट चालू होतं. माझी बायको मीनाक्षी पाचवीला घरी कागद आणि पेन मांडून माझी वाट बघत बसली होती. मी दहा दिवसांनी गेलो. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. इथं कुणाला ते माहीत असायचं कारणच नाही."

गुंडूतात्यानं कपबशा टेबलावर ठेवल्या, लिंबापासून लांब.

साहेबांनी निळं पेन उचललं आणि सही केली. पेन लोण्यातनं गेल्यासारखं चाललं. सहीचा शेवटचा फाटा ओढला आणि बाहेर भट्टीचा पंखा घुर्रकन सुरू झाला.

"पंधरा दिवस नियमानं," साहेब म्हणाले. "पुढचे माझ्या अधिकारात. मूळ कागद तुम्ही न्या. मी झेरॉक्स ठेवतो."

झेरॉक्स निघाली. तिच्यात छापील रेघा आल्या, शिक्का आला, साहेबांची सही आली. मधलं एक अक्षरही आलं नाही. साहेबांनी तो कागद तसाच फाइलला लावला, आणि त्या दिवशी म्हणे ते चार वाजताच घरी गेले.

सयाजीची रजा सुरू झाली. त्याची समजूत होती की रजा म्हणजे लोळायचं. बाळाबाईनं पहिल्याच सकाळी ती समजूत दुपट्यांबरोबर बादलीत बुडवली. "रजा देवीनं दिलीया. ती नातीसाठी. तुमच्यासाठी न्हवं." पाणी तापव, शेगडी पेटव, दुपटी धू, वाळत घाल, परत धू. भट्टीवर आठ तासांनी भोंगा होतो. इथं भोंगा पाळण्यातच होता. पण विसाव्या दिवशी पोरगी हेल्मेट नसलेल्या बापाच्या छातीवर पालथी पडून झोपली, आणि दोन तास पाय आखडले तरी सयाजी हलला नाही. हावेची सुरुवात तिथं झाली.

सव्वा महिना संपत आला तसा तो शिरोलीला जाऊन मुदतवाढीचा फॉर्म घेऊन आला.

"सटवाई एकदाच येती," बाळाबाईनं आधीच बजावलं होतं. "तिला पुन्ना बोलावू नये. मग ती लिवाय येत न्हाई. घर बघाय येती."

सयाजीनं ऐकलं, आणि सगळी झोपल्यावर पाटा-वरवंटा मांडला. कोरा फॉर्म, नवं पेन, वर ओंजळभर हळदकुंकू, जास्तीचं.

माग थांबले. सगळे, एकदम. सयाजी वाकळीत हसला. पण या वेळी पेन लगेच वाजलं नाही. आधी पैंजण वाजले. ते पाट्यापाशी थांबले नाहीत. ते चुलीकडं गेले. मोरीकडं गेले. मागच्या दारी दोरीपाशी बराच वेळ थांबले. परत येताना ते सयाजीच्या अंथरुणाजवळनं गेले, आणि त्याच्या तोंडावर गार पाण्याचा एक थेंब पडला. मग पेन वाजलं. फार थोडं.

उजाडल्यावर त्यानं कागद काढला. सगळ्या रकान्यांवर एकच आडवी रेघ होती. शेऱ्यात तेच तिरकं अक्षर:

दुपटी नीट पिळत जावीत. ओली राहतात. सोमवारी पहिल्या पाळीस हजर व्हावे.

सोमवारी सयाजी पहिल्या पाळीला दहा मिनिटं आधी हजर होता. त्या दिवसापासून तो दुपटं पिळतो ते असं, की त्यातनं पाण्याबरोबर धागेही बाहेर येतात, आणि पिळताना अधूनमधून मागं वळून बघतो.

गुंडूतात्यानं त्याला गेटवर गाठलं. "काय रं, वाढवून मागतो म्हनला हुतास की."

"नामंजूर झाली."

"साहेबांनी केली?"

"त्येंच्या वरनं."

गुंडूतात्यानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय, लेका? माजा चुलता हाय की. चार दिस तूच ने."